तीन नंबरला खो

आमच्या शाळेच्या खो-खो टीमला जिंकवण्यात माझ्याएवढा हात कुणाचाच नाही. टीम दोनदा जिंकली, आणि दोन्ही वेळा मी आजारी पडून घरी होतो.

मी शाळेचा शिपाई. शिक्षण सातवी, तेही गणितात अडकलेलं. पण आष्टी तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात तीसेक वर्षं घंटा मीच वाजवली, त्यामुळं पोरं मला मामा म्हणतात. घंटेखाली एवढी वर्षं काढली की किस्से फळ्याखालच्या खडूच्या भुग्यासारखे साचतात. रोज झाडा, रोज तेवढाच. त्यातले बरेचसे पोकळे सरांचे. उरलेल्यात गुन्हेगार मी.

पोकळे सर पीटीचे. माणूस देव, पण तोंड कुणाचंच लक्षात राहायचं नाही. नाव तर नाहीच नाही. लक्षात राहायची ती पाठ. खो पाठीवर द्यायचा असतो, आणि सर दिवसभर रांगेत बसलेल्या पोरांच्या मागून फिरायचे. विचारलं तर म्हणायचे, "तोंड बघून कुणी खो देतं का?"

*

एकदा आष्टीच्या बाजारात आम्ही दोघं वांगी घेत होतो. समोरून एक पोलीस आला आणि त्यानं सरांना कडक सॅल्यूट ठोकला. सर घाबरले. सायकलला दिवा नव्हता, म्हणून पकडायला आला असं त्यांना वाटलं.

पोलीस म्हणाला, "सर, वळखलं का?"

सर थोडा वेळ त्याच्या मिशांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "वळ बरं." तो वळला. "आता खाली बस." पोलीस भर बाजारात उकिडवा बसला, खो-खोत बसतात तसा, पंजावर.

सरांचं तोंड उजळलं. "पाचव्या जागेवरचा तू! उठताना डावा पाय घसरायचा तुझा. आता घसरतो का?"

तो म्हणाला, "न्हाई सर."

इकडं बाजारात गोंधळ. मास्तरनं पोलिसाला शिक्षा केली म्हणजे कुणीतरी लई मोठा साहेब आलाय, असं समजून रस्त्यावर बसलेल्या भाजीवाल्यांनी पाच मिनिटांत दुकानं उचलली. आमची वांगी राहिली ती राहिलीच.

*

आता माझा किस्सा. हेडमास्तर वऱ्हाडातले, तसे कडक. एका सकाळी ते नळापाशी पाठमोरे बसून चूळ भरत होते. मी सरांना हळूच सांगितलं, सर, सात नंबरवाला तिकडं नळावर टाइमपास करतोय.

सर गेले. पाठीवर थाप मारली आणि ओरडले, "खो!"

पुढं जे झालं ते मलाही अपेक्षित नव्हतं. हेडमास्तर ताडकन उठले आणि पळाले. धोतर सावरत थेट झेंड्याच्या खांबापर्यंत गेले, खांबाला वळसा घातला, आणि मग थांबले. तरुणपणी खेळलेले असणार. सगळी शाळा बघत होती. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "मी कावून पळालो बे?"

मी म्हणालो, सर, तुम्हालाच माहीत.

पोकळे सर मात्र आठवडाभर बुचकळ्यात. "रंगनाथ, ती पाठ आपल्या पोराची नव्हती. पर उठली मात्र बरोबर."

*

मग गावात केबल आली. घरोघरी क्रिकेट सुरू झालं आणि सरांची पोरं बॅट घेऊन गेली. सरांनी पोरींची टीम काढली. त्यात सुमन. बसलेली उठायची तर वाटायचं जमिनीनंच हिला वर फेकलं.

पण सुमनचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं, आणि जिल्ह्याच्या मॅचेस नेमक्या दिवाळीनंतर. सर तिच्या वडलांकडं गेले. त्यांनी विचारलं, आम्ही दोघं फडात गेल्यावर कोपीवर भाकरी कोण थापणार? कोपी म्हणजे तिथली पाचटाची झोपडी.

सरांनी हिशोब सरळ मांडला. जिल्ह्यात जिंकलेल्या टीमच्या पोरींना सरकारी क्रीडा वसतिगृहाच्या निवडीला बोलावणार होते. सुमन तिथं गेली की राहायचं, खायचं, शिकायचं सगळं तिकडं. कोयता सुटला. हरली तर पुढच्या साली खुशाल न्या.

वडलांनी हातातला कोयता भिंतीला टेकवला. मग म्हणाले, "एक साल ठिवा. पर जशी हाय तशी परत द्या."

त्यावर सरांचा गोंधळ. वाटेत मला म्हणतात, "वाढती पोरगी हाय रंगनाथ. जशीच्या तशी कशी द्यायची?"

सर एका खोलीत एकटे राहायचे. म्हणून सुमन आली आमच्या घरी. आमची मंडळी म्हणाली, "सरांना माणसाचं तोंड वळखू येत न्हाई, पर माझं दार बरं सापडलं." तिसऱ्या दिवसापासून दोघी एका ताटात जेवायला लागल्या, आणि मला चटणी वाढायची कुणाला आठवण राहीना.

*

मॅच अंबाजोगाईला. परळीच्या एका कोल्ड्रिंकच्या एजंटानं टीमला फुकट शर्ट दिले होते. पाठीवर भली मोठी बाटली, तिच्याखाली नंबर. सरांची पंचाईत झाली. सगळ्या पाठींवर एकच बाटली, वळखायचं कुणाला? मग त्यांनी यादी केली आणि एसटीत पोरासारखी घोकली. तीन नंबर सुमन. सहा नंबर रत्ना.

शर्ट वाटायचं काम माझ्याकडं. आणि माझ्या हाताला खाज सुटली. हा माणूस पाठ वळखतो म्हणतो, बघू तरी खरं का! मी तीन नंबर रत्नाला दिला आणि सहा सुमनला. पोरींना यादीतलं काय माहीत? दोघींनी गुपचूप घातले. मला वाटलं, सर दोन मिनिटांत पकडतील आणि आपण हसू.

शेवटचं मिनिट. एक गडी बाद केला की आपण जिंकलो. समोरची पोरगी सुमनच्या अगदी पुढ्यातून चालली होती. सरांनी जन्मात पहिल्यांदा पाठ सोडून नंबर वाचला आणि ओरडले, "तीनला दे, तीनला!"

खो मिळाला रत्नाला. रत्ना पोरगी गुणाची, पण उठायला तिला वेळ लागायचा. समोरची निसटली, शिट्टी वाजली. एका गड्यासाठी मॅच गेली.

सुमन सहा नंबर घालून पंजावर तशीच बसून होती.

मी शर्ट पटापट गोळा करून पोत्यात कोंबले. परतीच्या एसटीत सर बोटांवर मोजत होते. एक कोण, दोन कोण, तीन कोण. तीनवर आले की थांबायचे आणि पुन्हा एकपासून सुरू. मी शेवटच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलं. ते सोंग अंबाजोगाईपासून आष्टीपर्यंत टिकवलं, हा माझा रेकॉर्ड आहे.

*

बोलल्याप्रमाणं पुढच्या दिवाळीनंतर वडील तिला घेऊन गेले. दहावीचा फॉर्म भरायचा राहिला. सर म्हणाले, आपण जाऊन तिची सही आणू. आपण म्हणजे मीही. मी नको म्हणालो नाही.

तीन एसट्या बदलून कारखान्याच्या भागात पोचलो. फडात ही गर्दी. बायांची डोकी फडक्यात, तोंडं फडक्यात, सगळ्या वाकलेल्या. मुकादमानं विचारलं, एकेकीला तोंड दाखवायला सांगू का?

सर म्हणाले, "तोंड नको."

बांधावरून चालत गेले. एका जागी उभे राहिले, आणि साध्या आवाजात म्हणाले, "सुमन, खो."

तिसऱ्या ओळीतली एक पोरगी ताडकन उठली. हातात कोयता तसाच. दोन पावलं पळाली देखील. मग थांबली, फडकं खाली ओढलं आणि विचारलं, "सर, कुठं पळायचंय?"

सर म्हणाले, "दहावीला."

मुकादम माझ्याकडं बघायला लागला. मी उसाकडं.

वडलांनी तिला सोडलं, आणि परीक्षेपर्यंत ती पुन्हा आमच्या घरी राहिली. पास झाली, पुढं शिकली, आणि आता परळीकडं एका शाळेत पीटीची मॅडम आहे. दर दिवाळीला शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी तिच्याकडं जातो. एकदाही खाडा नाही. एका वर्षी एसटीचा संप होता तर परळीच्या वीज केंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकमधून गेलो, अंगभर राखेनं पांढरा होऊन. तिनं दारात विचारलं, "मामा, गणपतीच्या मूर्ती करताय का कुठं?" आमची मंडळी म्हणते, सख्ख्या बहिणीकडं एवढं कधी गेला न्हाईत.

*

आणि हा किस्सा सरांच्या निरोपाच्या दिवसाचा. जुनी पोरं दुरून दुरून आलेली. कुणी "वळखलं का" विचारलंच नाही. येईल तो सरळ सरांसमोर पाठ करून उकिडवा बसायचा. फोटोला तर सगळे खो-खोसारखे बसले, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. फोटोग्राफर परत परत सांगत होता, सगळ्यांनी पुढं बघा. शेवटी त्यानं नाद सोडला. त्या फोटोत निम्म्या पाठी आहेत, आणि सरांना तेवढीच माणसं वळखू येतात.

भाषणात सर चारच वाक्यं बोलले. "माझ्या हातून एक चूक झाली. पाठ बघायची सोडून नंबर वाचला. तो नंबरबी चुकीचा पाठ केलता. सुमन, त्यापायी तुला उसात जावं लागलं."

टाळ्या वाजल्या. मला काही वाजवता आल्या नाहीत.

सुमन सरांसाठी पाणी आणायला नळावर गेली. मी मागून गेलो. सरांना सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तिला सांगितलं. शर्ट, यादी, तीन, सहा, सगळं. गंमत सांगतोय अशा सुरात सुरुवात केली होती. तो सूर सहावर आल्यावर राहिला नाही.

तांब्या भरून वाहायला लागला तरी ती नळ बंद करेना. मग केला. माझ्याकडं वळली.

"मग मामा," ती म्हणाली, "इतकी वर्सं दर दिवाळीला डबा घिऊन येत होता, ते मामा म्हणून, का चोर म्हणून?"