ओट्यावर बसवलेले चोर

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. माझ्या हातून आजवर गाढवपणा पुष्कळ झाला, पण हा असा झाला की त्याला साक्षीदार सहा आणि वरून रेकॉर्डिंग!

मी मास्तर. पांढुर्ण्याच्या शाळेत एकोणतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळतोय. आमचं गावचं घर मात्र लोधीखेड्याला, सौंसर ओलांडून पुढं. आई-बाबा गेल्यापासून ते बंदच. समोर मोठं अंगण, लांबलचक ओटा, एक नळ आणि रस्त्याला लागून लोखंडी फाटक.

गेल्या उन्हाळ्यात तिथल्याच एका बंद घरातून पाण्याची मोटर चोरीला गेली. झालं! माझ्या डोक्यात कॅमेरा शिरला.

"आहे काय त्या घरात?" सुनंदा, म्हणजे आमच्या सौ., म्हणाली. "दोन खाटा अन् एक माठ. चोर आला तं त्यालेच दया येईन."

ऐकतो कोण? कॅमेरा लागला, छपराखाली, उंचावर. पांढुर्ण्यात बसून मोबाईलवर लोधीखेड्याचं अंगण दिसायला लागलं. बोलायचीही सोय होती. एक बटण दाबलं की इथला आवाज थेट तिथल्या अंगणात. तिथला आवाज इथं ऐकायचं बटण वेगळं असतं, हेही लावणाऱ्यानं समजावून सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा स्क्रीनवर स्वतःला पाहण्यात गुंग होतो.

आता घरातली परिस्थिती ऐका, कारण सगळा जीव तिथंच अडकलेला होता. आमची प्रणाली नर्स आहे. तिला पाहायला रविवारी सौंसरची मंडळी येऊन गेली. मुलगा, त्याचे आई-वडील आणि मामा. आधीच्या प्रत्येक मुलानं विचारलं होतं, नोकरी सोडशील ना? या मुलानं विचारलं, ड्यूटीवरून यायला उशीर झाला तर घ्यायला कोण येतं? मंडळी गेल्यावर पोरगी मला हळूच म्हणाली, "बाबा, हे जमलं तं बरं होईन."

माझ्या पोरीनं लहानपणापासून तोंड उघडून कधी काही मागितलं नाही. त्यामुळे ते वाक्य माझ्या काळजात जाऊन बसलं. आणि तिकडून फोन काही येईना. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. मोबाईल वाजला की आम्ही तिघंही धावायचो आणि निघायची कुठली तरी जाहिरात.

गुरुवारी दुपारी प्रणाली ड्यूटीवर गेलेली. मी खाटेवर आडवा होऊन आपलं अंगण पाहत होतो. तर काय! अंगणात तीन माणसं!

दोन पुरुष, एक बाई. तिघांच्याही डोक्याला, तोंडाला दुपट्टे गुंडाळलेले, नुसते डोळे उघडे. आता मे महिन्यात आमच्याकडे सगळेच ऊन लागू नये म्हणून असे फिरतात, म्हणजे अर्धा जिल्हा चोरच दिसतो. पण ते आठवायला डोकं जागेवर पाहिजे ना?

एक जण खिडकीतून आत डोकावून भिंतीवर बोटानं ठकठक करत होता. दुसरा पावलं टाकत अंगण मोजत होता. बाईनं नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आणि चक्क पिऊन पाहिलं!

"सुनंदा! चोर! मोटर चालू आहे का ते पाहून राहिले!"

बटण दाबलं आणि वर्गातला आवाज काढला. "ए! कोण आहे बे तिथं? हालायचं नाही!"

तिघं जागच्या जागी थिजले. आधी आभाळाकडे पाहिलं, मग छपराकडे. मग खिडकीवाल्यानं कॅमेऱ्याकडे पाहून हात जोडले आणि काहीतरी बोलायला लागला.

"पाहा, माफी मागून राहिला!" मी सुनंदाला म्हटलं. "आता कायची माफी बे? बसा खाली! तिघंही! ओट्यावर, ओळीत!"

बसले हो! तुम्हाला खोटं वाटेल, पण एकोणतीस वर्षांचा सराव आहे, या आवाजाला भले भले बसतात. खिडकीवाल्याचा हात खिशात गेला. "मोबाईल खाली ठेव! साथीदाराले बोलावतो काय? आणि बोलायचं नाही. तोंडावर बोट!"

दुपट्ट्यावरून का होईना, तिघांनीही तोंडावर बोट ठेवलं. मामला माझ्या ताब्यात होता. छाती अशी फुगली म्हणता!

सुनंदाच्या मोबाईलवरून शेजारच्या शामरावभाऊंना फोन लावला. "जय भीम भाऊ. माझ्या अंगणात चोर बसवून ठेवले आहे. फाटकाले बाहेरून कडी लावा अन् उभे राहा."

दोन मिनिटांत भाऊ काठी घेऊन फाटकापाशी हजर. तिघांशी काही बोलले आणि त्यांचा फोन आला. "मास्तर, हे तं म्हणतेत का आम्ही तुमचे पाव्हणे आहो."

"घरात कुत्रं नाही अन् पाव्हणे कोणाचे? चोर असंच म्हणत असते भाऊ! सोडू नका. मी पोलिसाले फोन करतो."

तेवढ्यात सुनंदानं दोन्ही मोबाईल माझ्या हातातून काढून घेतले. "थांबा जी! फोन बिझी ठेवू नका. सौंसरवाल्याईचा फोन येईन अन् लागणार नाही, तं काय करान?"

"चार दिवस नाही आला, तो आजच येते काय?"

"आला तं?"

"ते लोकं मले काही खास वाटलेच नाही," मी म्हटलं. चोर पकडल्यावर माणसाची जीभ जरा सैल सुटते. "पोरगं चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण त्याचा बाप! मिशीले लावलेला काळा रंग घामानं गळून बशीत पडत होता. मामा तं पोह्यातले शेंगदाणेच वेचून राहिला होता. अन् त्याची माय पोरगी पाहायले आली होती का आमचे पडदे?"

सुनंदा अशी भडकली! "लाज वाटू द्या जराशी! तुम्ही मले पाहायले आले तवा तुमच्या काकानं चार वेळा चहा मागितला अन् वाटेनं बांधून चिवडा नेला. माह्या बाबानं काढलं का कधी तोंडातून? त्या माणसानं मिशी रंगवली ती आपल्या घरी नीट दिसावं म्हणून. इज्जत केली त्यानं आपली! अन् त्या बाईनं पडदे पाहिले, मंग स्वयंपाकघरात येऊन मले विचारलं, ताई, इतक्या गर्मीत एकट्यानं कराले, हात लावू का? हे तुमाले दिसलं नाही. अशा घरात माही पोरगी गेली तं मी डोळे मिटून झोपीन."

खरं सांगायचं तर मलाही तेच पाहिजे होतं. "मी काय दुश्मन आहो पोरीचा?" म्हटलं. "ते नाही म्हणतील या भेवानंच बोलून राहिलो. आधीच नावं ठेवली म्हणजे मंग कमी दुखते."

आणि दारात प्रणाली. ड्यूटीवरून आली होती. आईच्या हातातला मोबाईल तिनं घेतला, स्क्रीन पाहिली आणि चित्र बोटांनी मोठं केलं.

स्क्रीनवर खिडकीवाल्यानं दुपट्टा सोडला होता. घाम पुसत होता. मिशी काळीभोर, आणि कडेनं एक ओघळ निघालेला.

"बाबा," पोरगी इतकंच म्हणाली, "हे तं तेच आहे."

आता आठवलं. आमच्याकडे मुलगी पाहून झाली की माणसं न सांगता गावच्या घरी चक्कर टाकतात. घर पाहतात, पाण्याची चव घेतात, शेजारपाजारी विचारतात. माझ्या बहिणीच्या वेळी मी स्वतः गेलो होतो एका घरच्या भिंती ठोकून पाहायला! आणि रविवारी पोहे खाताना या मंडळींना "आमचं लोधीखेड्याचं घर पाहाच एकदा" असं तीनदा सांगणारा कोण? हाच तुमचा मास्तर.

"फोन लाव त्याईले, काहीतरी सांगू," मी पुटपुटलो. "म्हणू का कॅमेरा बिघडला, दुसऱ्याचाच आवाज आला..."

"बाबा, तुमचं बोलायचं बटण चालूच आहे."

"कधीपासून?"

"ते मी कसं सांगू?" असं म्हणत तिनं दुसरं बटण दाबलं. तिथला आवाज पहिल्यांदा इथं आला. व्याही शांतपणे म्हणाले, "सुरुवातीपासून आहे बेटा. राहू दे चालू. आम्ही ऐकूनच राहिलो."

मला वाटलं, खाटेखाली शिरावं. पण कॅमेरा तिकडे होता, इकडे मी शिरलो काय नि नाही काय! हात जोडले, तर तेही त्यांना दिसणार नव्हते. सुनंदानं पदर डोळ्याला लावला. पोरीचा चेहरा पांढरा फटक. त्या क्षणी मला माझीच एवढी चीड आली, की वर्गातला सगळ्यात द्वाड पोरगा माझ्यापेक्षा बरा वाटला.

"साहेब," मी म्हटलं. "जे काय आहे ते माझं आहे. पोरीचा यात काही दोष नाही. तिले नाही म्हणू नका."

मग त्या बाई उठल्या, कॅमेऱ्याखाली आल्या आणि वर तोंड करून बोलल्या.

"मास्तर, आम्ही इथं चार घरी तुमची चौकशी करणार होतो. आता कायले करतो? घर चांगलं आहे, पाणी गोड आहे. पोरगी आमाले रविवारीच पसंत होती. तिची माय आज पसंत पडली." मग वळता वळता म्हणाल्या, "तुमचं मात्र घरी बोलून कळवतो."

डिसेंबरात मंगल परिणय झाला. प्रणाली सुखात आहे, जावई तिला रोज घ्यायला जातो, विहीणबाई आणि सुनंदा फोनवर तास तास बोलतात.

माझं अजून काही कळवलेलं नाही.