पार्वतीला दिलेला रोट

हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. यवतमाळच्या ज्या कचेरीत मी सत्तावीस वर्षं खुर्ची उबवली, तिथंही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. किंवा — जाऊ द्या. कारणं शोधण्यात मी फार हुशार आहे, आणि त्यापायीच हे सगळं झालंय.

तीन वर्षांपूर्वी आम्ही केरळला गेलो होतो. मी, बायको आणि माझी आई. प्रवासाची सवलत पडून होती, वाया कशाला घालवायची? समुद्र झाला, होडी झाली, नारळपाणी पिऊन पोटं गच्च झाली. शेवटच्या दिवशी हत्ती. लाकडं ओढून, मिरवणुकीत उभे राहून थकलेल्या म्हाताऱ्या हत्तींना सांभाळणारी एक जागा होती तिथं, झाडीत. आईला खरं म्हणजे तेवढंच पाहायचं होतं.

आई घाटंजीची. तिच्या लहानपणी साधू हत्ती घेऊन गावात यायचे. बाया त्याच्या पायावर पाणी घालायच्या, कुंकू लावायच्या आणि गुळाचा रोट द्यायच्या. जाड कणकेचा, मंद आचेवर भाजलेला. हत्तीला भेटायचं ते रिकाम्या हातानं — हे तिला पटणारंच नव्हतं. तेव्हा तिचं विसरणं नुकतं सुरू झालेलं. गॅस चालू राहायचा, बीपीची गोळी दोनदा घेतली जायची. पण निघायच्या आदल्या दिवशी केलेला रोट मात्र छान जमला. तो मीच कॅरीबॅगेत घातला, वर घट्ट गाठ मारली आणि तिच्या पिशवीत ठेवला. रेल्वेच्या पूर्ण प्रवासात तिनं ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

तिथल्या हत्तिणीचं नाव पार्वती. माहूत मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होता. त्यानं आधीच सांगितलं, बाहेरचं काही देऊ नका. पूर्वी हिनं कुठल्याशा उकिरड्यावर प्लास्टिक खाल्लं होतं, मरता मरता वाचली. मला वाटलं आई हट्ट करील. तिनं पिशवी आवळून धरली आणि म्हणाली, "नाई म्हंते ना थो, मंग नाई." लांबूनच हात जोडले आणि बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळात तिला डुलकी लागली.

आणि मी? लोकांना आयुष्यभर नियम वाचून दाखवणारा मी?

बायको हात धुवायला गेली होती. माहूत पाला आणायला वळला होता. मला फोटो हवा होता. आईसाठी केलं असं म्हणता आलं असतं, म्हणूनही पाहिलं मनाशी पुष्कळदा. नाही. फोटोच हवा होता — माझा हात, तिची सोंड, कचेरीतल्या लोकांना दाखवायला. मी झोपलेल्या आईच्या पिशवीतून रोट काढला. एका हातात मोबाइल, एका हातात पुडकं. गाठ सुटेना. दातानं ओढावी म्हणून हात वर नेला, तेवढ्यात सोंड आली. ओली, ऊन. तळहाताला लागली, आणि पुडकं गेलं. तोंडात कॅरीबॅगेचा चुरचुर आवाज झाला. मग तोही थांबला.

फोटो आलाच नाही.

माहूत परतला. पार्वतीचं तोंड हलताना त्यानं पाहिलं, त्याला गुळाचा वास आला. काय दिलं, कोणी दिलं? तेवढ्यात बायकोही आली. आईच्या मांडीवर पिशवी उघडी पडली होती, सगळ्यांनी तिच्याकडंच पाहिलं. आई दचकून जागी झाली. पिशवीत हात घालून चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही — सांगायला हवं, पण येत नाही. ती हळूच म्हणाली, "मीच देल्ला असन बापा. मले आठोत नाही."

बोलायला जागा होती. मी मोबाइल खिशात घातला.

माहुताला राग नव्हता आला, भीती वाटत होती. त्यानं एकच विचारलं, प्लास्टिकमध्ये होता का? असेल तर डॉक्टरला आत्ता बोलवावं लागेल. तीनदा विचारलं. आई माझ्याकडं पाहत होती. दंडाची, पोलिसांची पाटी मी येतानाच वाचली होती. वहीत नाव जाईल, कचेरीला पत्र जाईल, चौकशी लागेल — हे सगळं मी क्षणात मांडलं. आणि म्हणालो, कागदात होता. मीच बांधला होता.

त्याचा जीव भांड्यात पडला. पार्वतीच्या सोंडेवरून त्यानं हात फिरवला. आईला प्यायला पाणी आणून दिलं. आम्ही गाडीत बसलो.

पुढं काय झालं? मला माहीत नाही. तिथल्या तिकिटावर नंबर होता. दोनतीनदा लावला, पलीकडून कोणी बोललं की कापला. स्वयंपाकघरात बायको ब्रेडची पिशवी उघडते तेव्हा मी उठून बाहेर जातो. तळहात शर्टाला पुसतो. तिला वाटतं मला घाम फार येतो.

पण हत्तिणीपेक्षा वाईट मी आईचं केलं. घरी आल्यावर तिनं कपाटाच्या किल्ल्या सुनेला देऊन टाकल्या. स्वयंपाकाला, वाढण्याला हात लावेना. शेजारचं बाळ मांडीवर घ्यायला नको म्हणायची. म्हणायची, "माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला." विसरणं वाढणारच होतं, डॉक्टर तसंच सांगतात. पण स्वतःला भिणं? ते मी दिलं तिला. आणि मधूनच विचारते, "पार्वती कशी असन रे बाबू?" मी म्हणतो, बरी आहे.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. मोबाइल, गाठ, कॅरीबॅग, कागदाचं खोटं. एकही गोष्ट गाळली नाही. तिनं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या गालावरून हात फिरवला.

"माह्यासाठी कायले खोटं बोलतं रे? मले समजते."

मी पुन्हा सांगू लागलो. तिनं बायकोला हाक मारली. "पाय व, कसा लेक हाय माहा. माही चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यला."

बायको पदराला हात पुसत दारात आली. तिचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं.

एक वाक्य बोलायचं होतं मला. तिनं पान वाढलं. मी जेवलो.