पुष्कराज आणि महामांत्रिक

दर रविवारी दुपारी आमच्या ओळखीचा एक जण चितेगावहून आमच्याकडे फाशांचा खेळ खेळायला यायचा. या खेळात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे मी, त्यांच्यावर संकटं आणायची. तिथल्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. उजव्या हाताच्या बोटात, बुद्धी आणि बढतीसाठी शहागंजच्या बाजारात घेतलेली पुष्कराजाची अंगठी. भज्यांआधी हात धुताना त्या हाताला तो साबण लावत नसे. टँकरचे दिवस होते. आम्हाला वाटायचं, पाणी वाचवतोय.

खेळातला त्याचा मांत्रिक बुद्धी वाढवणाऱ्या जादूच्या अंगठीच्या जोरावर महामांत्रिक झाला होता. एका रविवारी खेळातल्या चोराने ती अंगठी पळवली. मी म्हणालो, "बुद्धी गेली, पदही गेलं."

"असं कसं सर? वर चढल्यावर शिडी काढली तर माणूस खाली पडतो व्हय?"

"शिडीवरच उभा असेल तर पडतो. तुमचा पुष्कराज काढून बघा की."

तो हसला नाही. अंगठी काढून त्याने टेबलावर ठेवली. मग समोरचा फासा उचलला, उलटसुलट केला आणि हळू आवाजात विचारलं, "ह्ये काय असतं?"

सगळे हसले. त्याने एकेकाकडे पाहिलं, परक्या घरात जाग आल्यासारखं. हसणं थांबलं. मी घाईने अंगठी त्याच्या बोटात सरकवली.

"तर सर, शिडीचं काय म्हणत होतो मी..."

माझा ग्रहताऱ्यांवर विश्वास नाही. त्याचं महामांत्रिकपद मात्र मी कायम ठेवलं. आणि आता रविवारी भजी तळायला घेतली, की बेसिनवरचा निसरडा साबण मी आधी उचलून ठेवतो.