गाडी परत येईल

आमचे बाबा सीमेवरच्या कस्टमच्या चौकीत मोटरसायकली तपासायचे. बाहेर नेलेली गाडी लोक तिकडेच विकून टाकतात, असा त्यांना कायमचा संशय. कागद चोख असले की म्हणायचे, "सगळं जुळतंय? म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय!" आणि चासीचा नंबर अंगठ्याने घासून बघायचे.

दादा आपली गाडी घेऊन सीमेपलीकडे निघाला, तेव्हा मीही सोडायला गेले होते. बाबांनी ओळखच दाखवली नाही. "गाडी परत आणशील कशावरून?"

"गाडी परत येईल," दादा म्हणाला. बाबांनी परत आणायची मुदत लिहून शिक्का मारला.

मुदतीच्या आत गाडी ट्रकवर चढून परत आली. दादा तिकडेच राहिला. बाबांनी नंबर घासला, जुळला. मग माझ्यावरच खेकसले, "मी गाडीचं विचारलं. त्याचं विचारायला तुला काय धाड भरली होती?"