तेलाचा विटाळ

ऐंशीच्या दशकात मरोळच्या एका कारखान्यात आम्ही तिघं एकाच बाकावर डबा खायचो. एक कुर्ल्याचा बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू, एक मरोळ गावठाणातला ख्रिस्ती आणि मी. ख्रिस्ती मित्रानं चर्चमधून एक पुस्तक आणलं. त्यात एसीन नावाच्या जुन्या ज्यू पंथाची माहिती होती. ते लोक रोज पाण्यात उतरून शुद्ध व्हायचे, भाकरीवर प्रार्थना म्हणून एकत्र जेवायचे.

“आमचा बाप्तिस्मा यांच्याकडूनच आला असणार,” तो म्हणाला.

“म्हणजे तुमचं सगळं आमचंच ना रे!” बेने इस्रायली म्हणाला.

आठवडाभर हेच. मला वीट आला. मी पुस्तक ओढून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, की एसीन अंगाला तेल लागू देत नसत, त्याचा विटाळ मानत.

“मग आमचे नव्हेत,” बेने इस्रायली तडकला. त्याचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत.

“आमचेही नव्हेत,” ख्रिस्ती म्हणाला. त्यांच्यात बाप्तिस्म्याला बाळाला तेल लावतात.

मग दोघांनी एकाच डब्यातली भाकरी मोडली आणि न बोलता खाल्ली. एसीन असेच न बोलता जेवत, हेही त्याच पानावर होतं. ते मी वाचून दाखवलं नाही.