मागं पाणीच पायजे

चिलापी मासळी तिसऱ्यांदा गरम होऊन आली, तरी फोटोत वाफ दिसेना.

"ताई, आता आणखी एकदा तव्यावर घातली तर चप्पल व्हईल तिची," राजाभाऊ म्हणाले.

राजाभाऊ म्हणजे मालक. इंदापूरच्या अलीकडे, हायवेला लागून, त्यांनी नवा फूड हॉल बांधला होता. खाली एका छपराखाली सगळे स्टॉल: मासे, डोसा, मिसळ, चहा. त्यांच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा, चुलीवरच्या भाकरीचा स्टॉलही त्यातच. वर मोठी गच्ची, आणि गच्चीवरून उजनी धरणाचं बॅकवॉटर, नजर पोचेल तिथपर्यंत. उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि होर्डिंगवाला फोटोसाठी खोळंबला होता. मी बारामतीत स्टुडिओ चालवते. लग्नं करून करून वैतागले आणि जेवणाच्या फोटोंकडे वळले. जेवण रुसत नाही, असा माझा समज होता.

वाफेचं एक आहे. उजेड समोरून पडला की ती दिसतच नाही. उजेड पदार्थाच्या मागून यावा लागतो. आम्ही त्याला बॅकलाइट म्हणतो. सकाळी खिडकीतून ऊन आत येतं आणि त्यात चहाची वाफ दिसते, तेच ते. इथे पाणी उगवतीला आणि सूर्य चाललेला मावळतीला. पाण्याकडे कॅमेरा धरला की ऊन माझ्या पाठीवर आणि वाफ गुल. उलटी फिरले की वाफ झकास, पण मागे पार्किंग, हायवे आणि उसाने लादलेला ट्रॅक्टर.

"मागं पाणीच पायजे," राजाभाऊ म्हणाले. "पाण्यासाठी तर बांधलंय हे सगळं."

"मग उद्या सकाळी काढू. सूर्य पाण्यावरून येईल. पण स्वयंपाक इथे वरच करायचा. जिना चढेपर्यंत वाफ मरते."

"सुनंदा चूल वर आनंल की. त्यात काय."

मी सामान आवरायला लागले तरी ते तिथेच घुटमळत होते.

"आनि एक फोटो आबांचा पायजे. त्या कडंच्या टेबलावर, जेवताना. छापायचा न्हाय. मला पायजे."

"मग बसवा की वडलांना. मी कुठे नाही म्हणतेय?"

"तेच तर हाय ना. बांधून झाल्यापास्नं आबा एकदाबी वर आलं न्हाईत." त्यांनी कठड्यावरून हात फिरवला. "सगळ्या तालुक्यानं बघितली ही गच्ची. माझ्या बापानं न्हाय बघितली. मग काय उपयोग, सांगा."

मी म्हटलं, मी बघते. रुसलेल्या विहिणींना हसवून फोटो काढलेत मी, एक म्हातारा माणूस काय अवघड? मी खाली गेले. पार्किंगच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर आबा बसले होते, हायवेकडे तोंड करून. पांढरी टोपी, धुवट सदरा, चेहरा असा की फोटोग्राफरने जीव ओवाळून टाकावा.

"आबा, वर चला की. इतका सुंदर व्ह्यू आहे."

"मला म्हाईत हाय तितं काय हाय ते."

"एकच फोटो."

"हायवेचा काढ, पोरी. लई गाड्या हायत," ते गोड आवाजात म्हणाले आणि पुन्हा रस्ता बघायला लागले. मी हात टेकले.

वहिनी आत परात घासत होत्या. त्यांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. आबांचं जुनं गाव त्याच पाण्याखाली होतं. धरण भरलं तेव्हा सगळं गाव उठून इकडे माळावर आलं. "तवापास्नं आबांनी पाण्याकडं तोंड करून घास न्हाय खाल्ला. घरातबी पाट फिरवून घेत्यात."

"मग राजाभाऊंना हे माहीत नाही?"

"म्हाईत हाय की. पर ते म्हनत्यात, त्याला किती वर्सं झाली! लोक पुण्यास्नं पाणी बघाय येत्यात, आनि आपल्याच मानसाला वावडं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाले. भिगवण सोडलं आणि धुक्याने गाठलं. वायपर चालू ठेवून, पुढच्या ट्रॉलीच्या मागे मागे रांगत पोचले. वर गेले तर राजाभाऊ कठड्याशी उभे, तोंड एवढंसं करून.

"ताई, पाणी कुठं गेलं?"

खरंच गेलं होतं. कठड्यापलीकडे नुसतं पांढरं होतं. काठ नाही, आभाळ नाही, कुठे काही संपत नव्हतं की सुरू होत नव्हतं. आतून कुठूनतरी होडीच्या इंजिनाचा आवाज येई आणि विरून जाई. मध्येच एखादा बगळा त्या पांढऱ्यातून निघायचा, गच्चीवरून जायचा आणि पुन्हा पांढऱ्यात शिरायचा. वहिनींनी कोपऱ्यात पत्र्याची चूल पेटवली होती. तिचा धूर वर न जाता कठड्यावरून हळूच पलीकडे उतरत होता आणि धुक्यात मिसळत होता. मला वेळेचं भान राहिलं नाही. आपण कामावर आहोत, होर्डिंगवाला नऊ वाजता फोन करून डोकं खाणार आहे, हे सगळं मी त्या धुक्यात कुठेतरी ठेवून दिलं. इतकं सुखाचं मला कामावर फार कमी वेळा वाटलं आहे.

"आता काय करायचं?" राजाभाऊ म्हणाले.

"थांबायचं," मी म्हटलं. त्यांच्या हातात थर्मोकोलची पांढरी शीट दिली. मागून ऊन आलं की पुढची बाजू काळी पडते, म्हणून समोरून असं पांढरं काही धरतात. उजेड त्यावर आपटून परत पदार्थावर येतो. थर्मोकोल धरून मालक उभे राहिले.

तेवढ्यात जिन्यावर खोकल्याचा आवाज आला.

"सुनंदा, आगं भाकरी मिळंल का आज? खाली चूलच न्हाय."

आबा. रोज सकाळी त्यांना चुलीवरची गरम भाकरी आणि दूध लागायचं, आणि चूल माझ्या वाफेपायी वर आली होती. कुरकुर करतच ते शेवटची पायरी चढले आणि थांबले. समोर पाणी नव्हतं. त्यांनी धूर बघितला, धुकं बघितलं आणि कडेच्या टेबलाशी जाऊन बसले. कुणी बसा म्हटलं नाही.

वहिनींनी भाकरी टाकली. ती फुगली, ताटात आली. आबांनी तिचा पदर मोडला आणि भसकन वाफ निघाली. मागून पिवळट उजेड यायला लागलाच होता.

"असंच दिसायचं," आबा म्हणाले.

"काय, आबा?" राजाभाऊंनी विचारलं.

"गाव. ह्याच माळावर बैलं चारायचो आमी. सकाळी हितनं बघितलं तर एक घर दिसायचं न्हाय. समद्या चुलींचा धूर खाली बसल्याला. नुसतं आवाज यायचं." त्यांनी बोट पुढे केलं. "तितं चावडी. चावडीच्या म्होरं चिंच. आनि चिंचंच्या अंगाला आपलं घर."

मी क्लिक करत होते. उगाच पुढेमागे नाचले नाही, नीट बसा म्हटलं नाही. ते घास खात होते आणि बोलत होते. सुताराचं घर, कासाराचं घर, नदीला उतरायची वाट. बोट धुक्यात एकेका जागी थांबे आणि तिथे खरंच काहीतरी असल्यासारखं वाटे. मीसुद्धा डोळा व्ह्यूफाइंडरमधून काढून बघितलं.

मग ऊन चढलं. धुकं आधी वर उचललं, मग फाटलं, आणि बघता बघता सगळं पाणी समोर आलं. लखलखीत. आबांचं बोट अजून हवेतच होतं. बरोबर त्याच्या टोकाशी मासे धरणाऱ्याची एक होडी उभी होती.

वहिनींचा हात तव्यावर थांबला. मला वाटलं, आता आबा उठतील. ताट तसंच टाकून खाली जातील.

आबांनी पाण्याकडे बघतच बोट जरा सरकवलं. मग म्हणाले, "राजा, त्या होडीच्या जरा हिकडं. तितं माजघर हुतं. तू तितं जन्मलास."

आपण जुन्या गावात जन्मलो, हे राजाभाऊंना माहीत होतं. पण कुठे, ते कुणी आजवर बोट करून दाखवलं नव्हतं. थर्मोकोल त्यांच्या हातातून सुटलं आणि वाऱ्याने गच्चीभर फिरलं. कुणीही ते धरायला गेलं नाही. राजाभाऊ आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"कुठं, आबा? पुन्यांदा दाखवा."

माझे डोळे भरले आणि फोकस चुकला. ती एक फ्रेम हललेलीच आली.

पुढचं काम अर्ध्या तासात उरकलं. ताजी चिलापी, भरपूर वाफ, मागे चमकणारं पाणी. होर्डिंगवर तोच फोटो गेला. फूड हॉल उत्तम चालतो, रविवारी गच्चीवर जागा मिळत नाही. आबांचे फोटो मी वेगळे दिले. होर्डिंगवाल्याने त्यातला एक बघितला आणि म्हणाला, "ह्यात काय दिसतच न्हाय की."

"तुला न्हाय दिसायचं," राजाभाऊ म्हणाले आणि मोबाइल खिशात घातला.

आबा एका सकाळीत बदलले वगैरे काही नाही. दिवसा ते खालीच असतात. पण थंडीत धुकं पडलं की भाकरी मागायला स्वतःहून वर जातात. अशा सकाळी कधीकधी राजाभाऊंचा मला फोन येतो. काम काहीच नसतं. "ताई, आज आबांसंगं कासाराच्या बोळापातूर गेलो," एवढंच सांगतात आणि ठेवून देतात.

फोटोच्या आधी जागा बघायला जातो, त्याला आम्ही रेकी म्हणतो. ऊन कुठून येतं, प्लग कुठे आहे, गाडी कुठे लावायची, एवढंच बघायचं असतं. हल्ली एखादा मालक कौतुकाने व्ह्यू दाखवायला लागला की मी आधी विचारते, तिथे पूर्वी कोण राहायचं. बहुतेक जण म्हणतात, कुणी नाही. तरी विचारते.