नोव्हेंबरातला मार

अड्याळच्या सुलोचनाबाईंना देवाने हात दिले ते आशीर्वादासाठी नव्हेत. नवरा फौजेत हवालदार होता. तो गेल्यावर स्वतःची पेन्शन मिळवताना बाई इतक्या कचेऱ्यांत भांडल्या की सगळे नियम त्यांना पाठ झाले. तेव्हापासून आसपासचे म्हातारे फौजी त्यांच्या ओसरीवर येतात. काम फुकट होतं, शिव्या मात्र पोटभर खाव्या लागतात.

एका सकाळी डोमा आला. बर्फात राहिलेला, मांडीत गोळी खाल्लेला शिपाई. पेन्शन चालू ठेवायला नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो आणि बाई तो मोबाईलवरच काढतात. चेहरा समोर धरायचा, डोळे मिचकावायचे. पण मिचकावायला आधी डोळे उघडायला हवेत ना! डोमाच्या दोन्ही डोळ्यांची वांगी झाली होती. ओठ फाटलेला. मोबाईल काही त्याला जिवंत मानेना.

"कोनं मारलं?"

"पडलो, बाई."

"डोमाभाऊ, दोन्ही डोयांवर एकाच वेळी पडले काय?"

उत्तर फाटकातून आत आलं. त्याचा मुलगा निकेश, सकाळीच प्यालेला. बापाचं एटीएम कार्ड याच्या खिशात असे. बापाने ते परत मागितलं म्हणून आदल्या दिवशी त्याला बडवलं होतं. "बुढ्या, चाल घरी!" म्हणत त्याने पुन्हा कानाखाली वाजवली. डोमा खांबावर आपटला, कपाळातून रक्त वाहू लागलं.

बाईंनी नवऱ्याचा दंडुका उचलला. पहिला फटका मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या पंचफुलाने चुलीपाशी ऐकला. दुसरा गुडघ्यावर. निकेश आडवा.

"गाढवा, नोव्हेंबरात कोनी बापाच्या तोंडावर मारते काय? पेन्शन बंद झाली त पिशील काय, गढूळ पानी?"

तिसरा फटका सुटला तेव्हा डोमा पोरावर पालथा पडला होता. फटका डोमाच्याच पाठीत बसला. "पोरगा हाये, बाई," एवढंच म्हातारा म्हणाला. बाईंनी त्यालाही शिवी हासडली आणि निकेशच्या खिशातलं कार्ड काढून डोमाच्या हातात कोंबलं.

सूज उतरली, डोळे मिचकावून झाले, दाखला निघाला. पेन्शन हातात येताच डोमाने पोराच्या पलस्तराची उधारी फेडली आणि ते सांगायला केळी घेऊन आला.

बाई कडाडल्या, "कायले? हात बरा झाला का तो तुमालेच मारन!"

"मारन त मारन," डोमा म्हणाला. "पन पैसे म्या काढले, बाई. माह्या हातानं."